पुस्तकी लायसन्स बाद झालेले नाही, पण तुमच्या लायसन्सची मुदत संपली आहे

प्रश्न : माझे मोटार आणि गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स सप्टेंबर १९९७ मध्ये माझ्या मूळ जिल्ह्यातील आरटीओने दिलेले असून ते जुन्या पद्धतीच्या छोट्या पुस्तिकेच्या रूपात आहे. माझा जन्म मे १९७५ चा आहे. मुदतीच्या रकान्यावर शिक्का उमटल्याने तेथील साल नीट दिसत नाही. मी ते २०२७ असे वाचतो. गेल्या महिन्यात कराडजवळ माझ्या मोटारीचा धक्का लागून एका मोटारसायकलस्वाराचे मनगट मोडले. त्या वेळी वाहतूक पोलिसाने ‘पुस्तकी लायसन्स आता बाद झाले, स्मार्ट कार्ड नाही म्हणजे लायसन्सच नाही’ असे सांगून पाच हजार रुपयांचे चलन केले. आता विमा कंपनीही लायसन्स मागत आहे. एक एजंट जुन्या तारखेने ऑनलाइन नोंद करून देण्यास तयार आहे. पत्नीकडे जून २००९ मध्ये मिळालेले, चिप नसलेले लॅमिनेटेड कार्ड आहे. तेही बाद समजायचे का? आम्ही आता पुण्यात राहतो.

उत्तर : पोलिसाने आपल्याला दिलेले कारण चुकीचे होते, मात्र त्याने केलेले चलन बहुधा बरोबर ठरेल. हे वाचून आपल्याला बरे वाटणार नाही, परंतु विम्याचे प्रकरण हातात असताना मोघम उत्तर देणे आपल्या हिताचे नाही.

लायसन्स कोणत्या नमुन्यात द्यायचे हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १६ ठरवतो. पूर्वी पुस्तिकेसाठी नमुना ६ आणि लॅमिनेटेड किंवा स्मार्ट कार्डासाठी नमुना ७ असे दोन नमुने होते. पुढे नवी आणि नूतनीकरण झालेली सर्व लायसन्स नमुना ७ मध्येच द्यावीत असे ठरले, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून देशभरासाठी कार्डाचा एकच साचा लागू झाला. ही बंधने लायसन्स देणाऱ्या कार्यालयावर आहेत. ज्याच्याजवळ आधीपासून वैध पुस्तिका आहे त्याने ती ठरावीक दिवसापर्यंत बदलून घ्यावी, अन्यथा ती आपोआप रद्द होईल, असे मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कोठेही म्हटलेले नाही. त्यामुळे ‘स्मार्ट कार्ड नाही’ हा स्वतंत्र गुन्हा होत नाही, आणि एखाद्याचे पुस्तकी लायसन्स मुदतीत असेल तर केवळ त्याच्या रूपामुळे त्याला दंड करता येत नाही.

आपली अडचण मुदतीची आहे. पुस्तिकेच्या पानाची जी छायाप्रत आपण पाठवली आहे, तिच्यात महिन्याचा आकडा स्पष्ट आहे, पण सालातील तिसऱ्या अंकावरून गोल शिक्क्याची कड गेली आहे, आणि म्हणून ते २०१७ आहे की २०२७ हा प्रश्न आपल्याला पडला. हा प्रश्न भिंगाने सोडवण्याची गरज नाही, कारण मुदत कारकुनाच्या हस्ताक्षरावर नव्हे, तर कायद्याच्या कलम १४ वर अवलंबून असते. १९९४ च्या दुरुस्तीनंतर आणि २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी या कलमाप्रमाणे पन्नाशीच्या आतील व्यक्तीचे खासगी वाहनाचे लायसन्स दिल्याच्या तारखेपासून वीस वर्षे किंवा वयाची पन्नास वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालत असे. आपल्याला ते बाविसाव्या वर्षी, सप्टेंबर १९९७ मध्ये मिळाले. वीस वर्षे सप्टेंबर २०१७ मध्ये संपली. २०२७ हे साल या हिशेबात कोणत्याच बाजूने बसत नाही, कारण तसे धरले तर मुदत तीस वर्षांची होते आणि मे २०२५ मध्ये आपण ओलांडलेली पन्नाशीची मर्यादाही मोडते. कारकुनाने खरोखरच २०२७ लिहिले असते, तरी त्या नजरचुकीमुळे कायद्याने न दिलेली दहा वर्षे आपल्याला मिळाली नसती. पुस्तिकेतील परिवहन वाहनाचा, म्हणजे भाड्याने प्रवासी किंवा माल नेणाऱ्या वाहनाचा, रकाना कोरा आहे, त्यावरूनही ‘कायमस्वरूपी’ असा अर्थ काढू नये. त्या वर्गाचे लायसन्स आपल्याला दिलेलेच नाही, एवढेच तो रकाना सांगतो.

कोरोनाच्या काळात केंद्र सरकारने मुदतवाढ दिली होती, तिचा आधार आपल्याला घेता येईल का, असा विचार कदाचित मनात येईल. ती सवलत १ फेब्रुवारी २०२० पासून पुढे मुदत संपणाऱ्या कागदपत्रांना होती आणि तीही ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी संपली. आपले लायसन्स त्याच्या बरेच आधी संपले होते.

आता चलनाकडे येऊ. कलम ३ प्रमाणे अंमलात असलेले लायसन्स जवळ असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही, आणि या कलमाच्या भंगासाठी कलम १८१ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मुदत संपलेले लायसन्स बाळगणारा आणि लायसन्स कधीच न काढलेला यांत हे कलम भेद करत नाही. लायसन्स वैध असून केवळ दाखवता आले नाही, तर प्रकरण सहसा कलम १३० आणि कलम १७७ खाली जाते व पहिल्या वेळेचा दंड पाचशे रुपयांपर्यंत असतो. आपले प्रकरण त्या सौम्य खान्यात बसत नाही. पोलिसाने तोंडी सांगितलेले कारण चुकीचे होते एवढ्या मुद्द्यावर चलनाला आव्हान दिले, तर न्यायालयात आपल्याला तीच पुस्तिका हजर करावी लागेल आणि साल तेथे मोजले जाईल. मला विचाराल तर हा वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त एवढे पाहा की त्याच घटनेबद्दल मोटारसायकलस्वाराच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला असेल, तर चलन भरण्यापूर्वी त्या प्रकरणातील आपल्या वकिलांना विचारावे, कारण तडजोड शुल्क, म्हणजे खटला न चालवता मिटवण्यासाठीची रक्कम, भरल्याची पावती पुढे त्या खटल्यात वाचली जाऊ शकते.

विम्याचा भाग अधिक गंभीर आहे आणि त्याचे तीन तुकडे वेगवेगळे पाहावे लागतात. आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा दावा हा निव्वळ कराराचा विषय आहे. पॉलिसीतील चालकाबाबतच्या अटीत, अपघाताच्या वेळी चालकाजवळ अंमलात असलेले लायसन्स हवे, असे जवळजवळ नेहमीच लिहिलेले असते. मालक आणि चालक आपणच असल्याने ‘चालकाच्या लायसन्सबद्दल मला माहिती नव्हती’ असा बचावही आपल्याला उपलब्ध नाही. हा दावा नाकारला जाण्याची तयारी ठेवावी. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही, ज्याची रक्कम २०१८ पासून पंधरा लाख रुपये आहे, लायसन्सची हीच अट असते. आपल्याला स्वतःला इजा झाली नाही म्हणून तो प्रश्न आज उद्भवत नाही, एवढेच.

जखमी मोटारसायकलस्वाराचा दावा मात्र वेगळ्या तत्त्वावर चालतो. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असे ठरवले की लायसन्स नसणे, बनावट असणे किंवा अवैध असणे एवढ्यावरून विमा कंपनीला त्रयस्थ जखमीची जबाबदारी झटकता येत नाही. विमाधारकाने अटीचा भंग केला आणि वाजवी काळजी घेतली नाही हे कंपनीला सिद्ध करावे लागते, आणि तो भंग अपघाताला कारणीभूत ठरण्याइतका मूलभूत होता का, हेही मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पाहते. बऱ्याच प्रकरणांत शेवटी असा आदेश होतो की कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी. म्हणजे जखमीला पैसे मिळतील, पण या न्यायाधिकरणात दावा दाखल झाल्यास त्या रकमेचा भार फिरून आपल्यावर येण्याचा धोका खरा आहे. आपल्या बाजूने मांडण्यासारखी गोष्ट अशी की आपण १९९७ मध्ये चाचणी उत्तीर्ण झालेले चालक आहात, आणि अपघाताचे कारण चालवता न येणे हे नसून रस्त्यावरील परिस्थिती होती, हे पुराव्याने दाखवता आले तर दाखवावे. मुदत संपलेली असली तरी ती पुस्तिका याच कारणासाठी महत्त्वाची आहे. ती टाकून देऊ नका, आरटीओत जमा करण्याची वेळ आली तर प्रत्येक पानाची प्रमाणित प्रत आधी काढून ठेवा.

दाव्याच्या अर्जात आपण लायसन्सची मुदत २०२७ अशी भरली असेल, तर कंपनीला लगेच लेखी पत्र देऊन कळवावे की शिक्क्यामुळे साल चुकीचे वाचले गेले होते आणि मुदत सप्टेंबर २०१७ मध्ये संपलेली दिसते. विमा कंपन्या आरटीओकडून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदीचा अधिकृत उतारा, मागवतातच. तो येण्याआधी दिलेले पत्र चूक म्हणून वाचले जाते. तो आल्यानंतर दिलेल्या खुलाशाला लपवाछपवीचा वास येतो.

याच कारणाने त्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे. जुन्या पुस्तिकेची माहिती ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत चढवणे, ज्याला आरटीओत बॅकलॉग एन्ट्री म्हणतात, हे कायदेशीर काम आहे आणि ते कार्यालय मूळ नोंद पाहून करते. पण अपघातानंतर, अपघाताच्या आधीपासून मुदत चालू होती असे दाखवणारी नोंद करून घेणे म्हणजे बनावट दस्तऐवज तयार करून त्याच्या आधारे विम्याचे पैसे मागणे होय. त्यातून फौजदारी गुन्हा उभा राहतो, शिवाय फसवणुकीने मिळवलेले लायसन्स कलम १९ खाली रद्द करता येते. पाच हजारांचे चलन आणि दुरुस्तीचा खर्च यांच्या बदल्यात एवढी जोखीम पत्करण्यासारखी नाही.

पुढचे लायसन्स कसे मिळवायचे ते सांगतो. कलम १५ प्रमाणे नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ती संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. त्यानंतर अर्ज केल्यास वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा उत्तीर्ण झाल्याशिवाय नूतनीकरण करता येत नाही, आणि ते लागू होते नूतनीकरणाच्या दिवसापासून. मधला काळ, म्हणजे अपघाताचा दिवसही, त्याने भरून निघत नाही. यासाठी गावी राहण्याची गरज नाही. अर्ज पुण्यात करता येईल. तरी जुनी नोंद ‘सारथी’वर दिसत नसेल, तर ती बॅकलॉग एन्ट्री मूळ कार्यालयाकडूनच करून घ्यावी लागेल, त्यासाठी मूळ पुस्तिका घेऊन एक खेप होईल. चाळिशीनंतर नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. विलंबाचे शुल्कही द्यावे लागेल. कार्यालयाने आधी शिकाऊ लायसन्स काढण्यास सांगितले तर हुज्जत घालत बसू नका: ते सहा महिने चालते, तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते, आणि तोपर्यंत शेजारी वैध लायसन्स असलेली व्यक्ती व गाडीवर ‘एल’ची पाटी ठेवून सराव तरी करता येतो. चाचणी दोन्ही मार्गांत द्यायचीच आहे, मग सरळ नवे लायसन्स का काढू नये, असे आपण विचाराल. जुनी नोंद सापडत असेल तर नूतनीकरणच करावे, असे माझे मत आहे, कारण त्यातून १९९७ पासूनचा आपला इतिहास सरकारी दप्तरात राहतो आणि न्यायाधिकरणापुढे तो उपयोगी पडतो. नोंद सापडलीच नाही, तर मात्र शोधात महिने घालवू नका. २०१९ नंतरच्या कलम १४ प्रमाणे पन्नास ते पंचावन्न वयात मिळालेले लायसन्स साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत चालते, म्हणजे आपल्याला मे २०३५ पर्यंतची मुदत मिळेल.

पत्नीच्या कार्डाबद्दल काळजी करू नये. ते जून २००९ मध्ये मिळाले आहे आणि त्यावर जून २०२९ पर्यंतची मुदत स्पष्ट छापलेली आहे. त्या तारखेपर्यंत त्यांचे वय पन्नासच्या आत राहत असेल, तर ते चिप नसतानाही पूर्ण वैध आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मुदतीचे गणित बदलले म्हणून आधी दिलेली मुदत कमी होत नाही. एवढे मात्र करावे की ‘सारथी’वर त्यांची नोंद दिसते का ते पाहून ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर घेऊन ठेवावे, कारण नियम १३९ प्रमाणे पोलिसाला इलेक्ट्रॉनिक रूपातील लायसन्सही स्वीकारावे लागते, आणि नोंद नसेल तर बॅकलॉगचा अर्ज आताच द्यावा, २०२९ मध्ये घाईच्या वेळी जुने रजिस्टर शोधायला लावू नये. आपले लायसन्स येईपर्यंत मोटार त्यांनीच चालवावी. त्यांच्या नावावर दुचाकी असेल तर ती आपण घेऊन जाऊ नये, कारण लायसन्स नसलेल्याला वाहन देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली वेगळा पाच हजारांचा दंड होतो, आणि तो त्यांच्या नावे होईल.