माद्रिदहून ग्रानादा एका दिवसात होईल का? सोबत साठी उलटलेले, शाकाहारी आईवडील आहेत.

होईल, पण करू नका. वेगवान रेल्वेनेसुद्धा एका बाजूचे साडेतीन तास धरा, म्हणजे दिवसातले सात तास गाडीतच गेले. उरलेल्या वेळात अल्हाम्ब्रा, म्हणजे इथल्या मुस्लिम सुलतानांचा टेकडीवरचा किल्ला आणि राजवाडे, उरकता येईल, पण ग्रानादा राहूनच जाईल. हे गाव जागं होतं संध्याकाळी, आणि नेमकं तेव्हा तुम्ही आईवडिलांना घेऊन परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर बसलेले असाल. मी इथेच राहते, त्यामुळे गावाची बाजू घेणारच, पण एक रात्र मुक्काम कराच.

आधी अल्हाम्ब्राचं तिकीट काढा, मग रेल्वेचं, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात आणि मग हळहळतात. गर्दीच्या मोसमात तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. नसरी राजवाड्यांचा, म्हणजे त्या सुलतानांच्या महालांचा, समावेश असलेलंच तिकीट घ्या. नुसत्या बागा आणि किल्ल्याचं तिकीट वेगळं असतं, ते चुकून घेतलंत तर मुख्य गोष्टच हुकेल. अधिकृत संकेतस्थळावर संपली असतील तर ग्रानादा कार्ड हा पर्यटकांचा पास बघा, त्याचा कोटा वेगळा असतो. तिकिटावर नाव असतं, तेव्हा तिघांचेही मूळ पासपोर्ट जवळ ठेवा.

तिकिटावर छापलेली वेळ ही नसरी राजवाड्यांच्या दाराची, बाहेरच्या फाटकाची नाही. खेनेरालिफेच्या, म्हणजे सुलतानांच्या बागांच्या, बाजूच्या फाटकापासून तिथपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. आईवडिलांच्या चालीने अर्धा तास धरा, कारण वेळ टळली की आत सोडत नाहीत.

आत गेल्यावर सगळे छताकडे बघतात. बघण्यासारखंच आहे ते, पण पाण्याकडेही लक्ष असू द्या. डोंगरातून दार्रो नदीचं पाणी पाटाने इथवर आणलं, म्हणून ही टेकडी वसली. सिंहांच्या चौकात बारा दगडी सिंह कारंजं पाठीवर घेऊन उभे आहेत आणि फरशीत कोरलेले बारीक पाट चारही दिशांना जातात. खेनेरालिफेत पाण्याचा जिना आहे, उघडा असेल तर चुकवू नका: त्याच्या कठड्यावरच पन्हळ आहे. आधारासाठी हात ठेवायला जावं, तर बोटांवरून थंडगार पाणी वाहतं.

आता जेवणाचं. इथे बारमध्ये पेय मागवलं की सोबत तापा, म्हणजे छोटी बशीभर खाणं, फुकट येतं. बिअरच हवी असं नाही, द्राक्षाचा रस किंवा थंड पेयावरही मिळतं. कॉफीवर मात्र नाही. ते काय असेल हे बहुधा बारवालाच ठरवतो, आणि त्याचा हात आधी हॅमकडे, म्हणजे डुकराच्या मांसाकडे, जातो. नुसतं ‘व्हेखेतारियानो’ म्हटलंत तर ट्यूना येऊ शकतो. पेय सांगतानाच ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं स्पष्ट सांगा. मसुराची आमटी बघून आई खूश होतील, पण तीत बहुतेकदा चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, असतो. साल्मोरेखो या टोमॅटोच्या दाट गार सूपवरही हॅम आणि अंडं भुरभुरलेलं असतं. गास्पाचो हे टोमॅटोचं पातळ गार सूप त्या मानाने निर्धोक, तरी विचारून घ्या.

बिनधास्त मागवा ती ‘बेरेंखेनास कोन मिएल’, म्हणजे वांग्याचे कुरकुरीत तळलेले काप, वर उसाची काकवी. खाली मोत्रिलच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं ऊस पिकत होता, त्याचीच ही चव. वांग्याचे काप आपल्याकडेही, काकवीही आपल्याकडे. दोन्ही एका बशीत आणायचं आपल्याला कसं सुचलं नाही कोण जाणे.

खरी अडचण वेळेची. दुपारी चारनंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात ती रात्री साडेआठलाच उघडतात. वडिलांना साडेसातला जेवायची सवय असेल तर काल्देरेरिया नुएवाच्या गल्लीत जा. तिथे मोरोक्कन चहाची दुकानं आहेत आणि फलाफल, भाज्यांचा कुसकुस असं काहीबाही मिळतं.

आल्बाइसिन हा जुना मोहल्ला बघायचाच, पण तिथे हॉटेल घेऊ नका. गोट्यांची फरसबंदी, उभा चढ, आणि कित्येक बोळांत टॅक्सी शिरत नाही. चाकांची बॅग ओढताना जीव जातो. खाली सपाटीवर राहा. छोट्या लाल बसने वर जा आणि रमतगमत उतरा, गुडघे दुखत असतील तर उतरतानाही बसच. सान निकोलासच्या चौथऱ्यावर सूर्यास्ताला झुंबड असते, तेव्हा पाकीट पुढच्या खिशात ठेवा. समोर अल्हाम्ब्रा आणि त्यामागे सिएरा नेवादा हा डोंगर. मार्च-एप्रिलमध्ये त्यावर बर्फ असतं आणि रात्री स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दुपारी खोलीतच बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापिया रेआल, म्हणजे शाही प्रार्थनाघर, बघा. 2 जानेवारी 1492 ला इथला शेवटचा सुलतान बोआब्दिल याने हे शहर ज्यांच्या हवाली केलं, ते राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो इथे पुरलेले आहेत. वर संगमरवरी थाट, खाली तळघरात साध्या शिशाच्या पेट्या. बाहेर बायका हातात रोजमेरीची काडी ठेवायला येतात. ती घेतली की हात बघून भविष्य सांगतात आणि मग पैशासाठी हुज्जत घालतात. आईंना आधीच सांगून ठेवा: देवळाबाहेर फूल दिलं तर आपण घेतो, इथे घ्यायचं नाही, ‘नो, ग्रासियास’ म्हणून पुढे चालायचं.