रॉक बँडमध्ये बेसिस्टने (बेस गिटार वाजवणाऱ्याने) बॅकिंग व्होकल्स, म्हणजे मुख्य गायकामागची साथ, गायलेच पाहिजेत का, की रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावून भागतं?

गायचं. ट्रॅकच लावायचा तर लीड गायकाचाही लावा, तो तरी कशाला घसा फोडतोय?

व्हॅन हॅलेन या रॉक बँडचे जुने अल्बम ऐका. कौतुक होतं एडीच्या गिटारचं आणि गायक रॉथच्या उड्यांचं, पण कोरसमध्ये वर जो टोकदार आवाज लागतो तो मायकल अँथनीचा. म्हणजे बेसिस्टचाच. २००७ मध्ये रॉथ परत आला तेव्हा अँथनीला घेतलं नव्हतं. मला तरी तेव्हापासूनचे कोरस बोडके वाटतात.

कॉलेजच्या बँडमध्ये मीही बेस वाजवत वरची हार्मनी गायचो. लीड 'ग'वर, मी 'प'वर. कॉर्ड बदलली की तो 'म', मी 'ध', आणि बोटं खाली तिसरंच काहीतरी वाजवत असतात. पेटीवर एकेक सूर धरून बसवलं होतं. ओळीच्या शेवटचा 'स' मी चक्क गिळायचो, नाहीतर दोन माइकमधून फुसफुस ऐकू येते. गॅदरिंगच्या साउंडचेकला आमचे लीडसाहेब साउंडवाल्याच्या कानाला लागले, "मागचा माइक कमी कर, माझं गाणं झाकलं जातंय." मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर आमच्याकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये, मला माझा आवाज व्यवस्थित येत होता, त्यामुळे पत्ता लागला नाही. नंतर शूटिंग पाहिलं तर मी शिरा ताणून गातोय आणि ऐकू येतोय फक्त तो, तोही कोरसला धापा टाकत.

झाकलं जातं म्हणे! क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचं कधी झाकलं गेलं? पाचगणीला शाळेच्या बँडमध्ये तो पियानोवर असायचा, लीड गायक दुसराच होता. पुढे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त (१९७५) त्याने, गिटारिस्ट ब्रायन मेने आणि रॉजर टेलरने २४ ट्रॅकच्या टेपवर आवाजाचे थरावर थर चढवले. त्यातले सगळ्यात वरचे सूर टेलरचे, म्हणजे ड्रमरचे.

आता हेही खरं, की त्यातला ऑपेराचा तुकडा क्वीन स्टेजवर टेपवरच लावायचे आणि स्वतः आत निघून जायचे. तेव्हा तीन गळ्यांत मावत नाही तेवढ्यापुरता ट्रॅक चालतो. आणि तुमचा सूर खरंच लागत नसेल तर मात्र गिटारिस्टला गाऊ द्या.

लागत असेल तर आधी वाद्यं बंद ठेवून नुसता कोरस बसवा. शोच्या दिवशी मिक्सरपाशी आपला एक माणूस उभा करा. लीडचा मित्र नको.