ज्युलियाला ‘तोतया’ म्हणावं का?

प्रश्न आला आहे तो असा: ‘माय नेम इज ज्युलिया रॉस’ या १९४५ सालच्या चित्रपटाची ओळख मराठीत लिहिताना नायिकेला ‘तोतया पत्नी’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. जोसेफ एच. लुईसचा हा जेमतेम ६५ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट फारसा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून कथा थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये नोकरी शोधणाऱ्या ज्युलियाला (नीना फॉश) सेक्रेटरीचं काम मिळतं. पहिल्याच रात्री गुंगीचं औषध देऊन तिला कॉर्नवॉलच्या समुद्रकाठच्या एका घरात नेतात. जाग येते तेव्हा सगळे तिला मेरियन म्हणत असतात, म्हणजे त्या घरातल्या मुलाची बायको. खऱ्या मेरियनला त्याने मारून टाकलेलं असतं आणि ते झाकायला आता एक प्रेत हवं असतं.

‘तोतया’ या शब्दात दावा असतो. पानिपतानंतर उभा राहिलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया ‘मीच भाऊ’ असं स्वतः सांगत होता. लोकही त्याच्यामागे गेले, कारण भाऊ परत यावेत असं त्यांना मनापासून वाटत होतं. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. आजचा तोतया पोलीस किंवा तोतया परीक्षार्थीही स्वतःच खोटं नाव घेतो. ज्युलिया नेमकी उलट्या बाजूला आहे. ती जिवाच्या आकांताने खरं नाव सांगते आणि ते कुणी ऐकून घेत नाही.

‘तोतया उभा करणे’ हा प्रयोग थोडा जवळचा वाटेल, कारण त्यात कारस्थान दुसऱ्याचं असतं. पण उभा राहणारा तिथेही कटात सामील असतोच.

म्हणून इथे नामाच्या मागे लागूच नये. काम क्रियापदाने होतं: ज्युलियाला मेरियन ‘ठरवतात’. वेडा ठरवणे, खोटा ठरवणे, अपराधी ठरवणे या सगळ्यांत निर्णय दुसऱ्यांचा आणि भोग आपला. गावकऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं की सूनबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यामुळे ती जितकी ओरडते तितकी वेडी ठरते. हा पेच ‘ठरणे-ठरवणे’ या जोडीत विलक्षण नेमका पकडता येतो, आणि मला तो चित्रपटाचा गाभाच वाटतो.

‘संशय’ वापरतानाही प्रत्यय जपा. ‘ज्युलियाला संशय येतो’ म्हणजे ती शंका घेते. ‘ज्युलियाचा संशय येतो’ म्हणजे इतर तिच्याबद्दल शंका घेतात. नुसतं ‘ज्युलियाचा संशय’ लिहिलंत तर दोन्ही अर्थ निघतील. ‘संशयित’ तर टाळाच. बातम्यांमुळे तो शब्द आता पोलिसांना हव्या असलेल्या माणसाचाच झाला आहे, आणि या कथेत तसा माणूस ज्युलिया नाही, तिचा तथाकथित नवरा आहे.