आईबाबांसोबत बारा तास गाडीत: काय बोलावं आणि कधी गप्प बसावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुढच्या महिन्यात आईवडिलांना घेऊन बारा-तेरा तासांचा प्रवास आहे. गाडी तुम्हीच चालवणार, शेजारी वडील, मागे आई आणि मुलं. वडिलांशी 'तब्येत कशी आहे, गोळ्या घेतल्या का' याच्या पुढे कित्येक वर्षं बोलणं गेलेलं नाही, आणि आई गाडीत बसली की गप्पच होते. शिवाय 'आता तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला या' हा विषय याच प्रवासात काढावा का, असंही विचारलंय. मी गेली पंधराएक वर्षं आईबाबांना घेऊन असे लांबचे प्रवास करतेय. बाबा आता एक्क्याऐंशीचे आहेत आणि अजूनही मला गियर कधी बदलायचा ते सांगतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात त्या गियरपासूनच करते. ज्या माणसानं जन्मभर गाडी चालवली, घरच्यांना हवं तिथे नेलं, तो आज डावीकडे हात मांडीवर ठेवून बसलाय. 'समोर ट्रक आहे', 'अगं, इंडिकेटर राहिला', 'एवढी घाई कशाला' हे सगळं तिथून येतं. मी पहिली काही वर्षं यावर चिडायचे. मग लक्षात आलं, की गाडीत बोलायला त्यांच्याकडे तेवढेच शब्द आहेत. मी ते तोडले की पुढचे दोन तास ते खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि मी मनात म्हणायचे, 'बघा, बाबा बोलतच नाहीत.' आता मी त्यांना काम देते. रस्ता सांगायचं काम. फोनवरचा नकाशा चालू असतो, तरी 'बाबा, इथून सरळ जाऊ की उजवीकडच्या जुन्या रस्त्यानं?' असं विचारते आणि ते म्हणतील तिकडे खरोखर वळते. वीस मिनिटं जास्त लागली तर लागली. त्या जुन्या रस्त्यानं ते कधी, कोणाबरोबर आणि कशासाठी गेले होते, ते मग न विचारताच सुरू होतं.

आता विचारायचं काय. मी एकदा चक्क यादी करून नेली होती. पहिला प्रश्न, 'बाबा, तुमचं लहानपण कसं होतं?' उत्तर आलं, 'चांगलं होतं.' यादी तिथेच संपली. मोठ्या प्रश्नाला माणूस छोटं उत्तर देतो, कारण कुठून सुरू करायचं तेच त्याला कळत नाही. पुढे कधीतरी सहज विचारलं, 'तुमच्या त्या घराला कुलूप कसलं होतं हो?' त्यावर ते अर्धा तास बोलले. कुलूप नव्हतंच, कारण घरात सतत कुणी ना कुणी असायचं. कुणी म्हणजे कोण, तर त्यांची एक आत्या. चार दिवसांसाठी म्हणून आली आणि अकरा वर्षं राहिली. ती का आली होती आणि एक दिवस अचानक का निघून गेली, हे मला पन्नाशीला पोचेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. लपवलंही नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून हाताला लागतील अशा वस्तूंबद्दल विचारा. पहिली सायकल, पहिला पगार कुठे ठेवला, झोपायची जागा, शाळेचा रस्ता. 'तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' हा प्रश्न शक्यतो टाळा. वाटलेलं आपोआप येतं.

आणि काळ नीट निवडा. आपण हमखास विचारतो, 'मी लहान असताना मी कशी होते?' हे पुन्हा आपल्याबद्दलच झालं, आणि त्या गोष्टीत ते वडील असतात, म्हणजे जबाबदार माणूस. काय बरोबर केलं, काय चुकलं, याचा हिशोब त्यात लपलेला असतो. त्याच्या आधीचं विचारा. वय झालेल्या माणसांना आयुष्याच्या कुठल्या काळातलं जास्त आठवतं यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा तिथे चक्क उंचवटा दिसतो. परवाची गोष्ट विसरणारे बाबा अठराव्या वर्षीच्या खोलीतल्या सोबत्याची चप्पल कुठल्या रंगाची होती ते सांगतात, यात नवल नाही. त्या वयात ते कुणाचेच वडील नव्हते.

एक गोष्ट दहाव्यांदा ऐकायला लागली तर? लागणारच. 'बाबा, हे सांगितलंय तुम्ही' असं म्हणू नका. मधेच एखादी तिरकी गोष्ट विचारा. 'त्या दिवशी पाऊस होता का?' 'तुमच्याबरोबर अजून कोण होतं?' पाठ झालेली गोष्ट तिथे अडखळते, आणि अडखळली की नवीन काहीतरी बाहेर पडतं. साल चुकलं, नाव चुकलं, तर तुम्ही दुरुस्त करू नका. आईनं मागून केलं तर करू द्या. 'तेव्हा नाही काही, त्याच्या दोन वर्षं आधी' असं ती म्हणाली आणि दोघांची जुंपली, की तुम्हाला फक्त गाडी चालवायची असते. माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या गोष्टी अशा भांडणातूनच आल्यात.

गप्प राहणं मला सगळ्यात उशिरा जमलं. म्हाताऱ्या माणसाचं उत्तर एक वळण उशिरा येतं. आपल्याला ती शांतता सोसत नाही, म्हणून आपण दुसरा प्रश्न टाकतो, आणि येऊ घातलेलं उत्तर परत आत जातं. मी स्वतःला नियम घालून घेतला, की प्रश्न विचारला की पुढचा पूल येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. घरात समोरासमोर बसून हे जमत नाही, कारण तिथे गप्प बसलेला माणूस रुसल्यासारखा दिसतो. गाडीत दोघांचेही डोळे रस्त्यावर असतात, त्यामुळे गप्प बसणं कुणाला खुपत नाही. कोणी आपल्या चेहऱ्याकडे बघत नाहीये म्हटल्यावर पुष्कळ माणसं बोलतात, आणि आपल्या वडिलांच्या पिढीतले पुरुष तर फक्त तेव्हाच बोलतात, असं माझं मत झालंय.

आता तुमच्या आईबद्दल. मीही अनेक वर्षं समजत होते, की आईला प्रवास आवडत नाही. मग एकदा तिच्या शेजारी मागे बसायची वेळ आली, तेव्हा कळलं की पुढचं काही ऐकूच येत नाही. पुढे बसलेले दोघं काचेकडे तोंड करून बोलतात. त्यात वयानुसार कान जायला लागतात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात, स्वर खालच्या पट्टीत. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. वर टायर आणि इंजिनाची घरघर. प्रत्येक वाक्याला 'काय म्हणालास?' विचारण्यापेक्षा माणूस डोळे मिटून घेतो, आणि आपण म्हणतो आई झोपली. उपाय साधे आहेत: खिडक्या बंद, पंखा कमी, गाणी बंद, आणि परतीच्या प्रवासात आईला पुढे बसवा. आरडाओरडा करू नका. मोठ्यानं बोललं की शब्द स्पष्ट होतातच असं नाही, सावकाश बोललं की होतात. कानाच्या तपासणीचा विषय मात्र गाडीत नको. तो घरी गेल्यावर, एकटीला गाठून.

मुलांना मागे फोन देऊन गप्प बसवायचं की आजीशी बोलायला लावायचं, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी वीस साध्या प्रश्नांची एक यादी केली होती. आईवडील एकमेकांना कुठे भेटले, घरात कुणावर कुठला वाईट प्रसंग आला होता, अशा धर्तीचे प्रश्न, आणि उत्तर माहीत आहे की नाही एवढंच मुलांनी सांगायचं. ज्या मुलांना जास्त माहीत होतं त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त आढळला. पण उत्तरं पाठ करून घेतली तर काही होत नाही, हेही त्यांनीच सांगितलंय. घरात अशा गप्पा होतात, त्याचा तो परिणाम. तेव्हा प्रश्नमंजुषा घेऊ नका. मुलांना फोन द्या. आजोबांच्या गोष्टीत मजा आली की कान आपोआप इकडे येतात. माझा मुलगा कानात बोंडकं घालून बसलेला असतो आणि त्यातलं गाणं मधेच बंद केलेलं असतं, हे मी आरशात पाहिलंय.

थांबण्याबद्दल. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. चालकासाठी हा सल्ला ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही आहे, पण शेजारी बसलेल्यांसाठीही तो तितकाच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकल्पात २००७ साली असं समोर आलं, की ४ तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, मग ते विमान असो वा गाडी. निरोगी माणसात ही शक्यता ६००० मध्ये १ इतकीच, पण वय आणि आधीची दुखणी धरली तर वाढते. एक मात्र नक्की सांगते: थांबायचं का, असं त्यांना विचारू नका. 'नको, चाललंय' हेच उत्तर येणार. तुम्हाला त्रास नको म्हणून ही माणसं सकाळपासून पाणी पीत नाहीत. 'मलाच उतरायचंय' म्हणा आणि गाडी बाजूला घ्या. उतरल्यावर बाबा दहा पावलं चालतात, पाठ ताणतात, आणि परत बसल्यावर मघाची अर्धी राहिलेली गोष्ट स्वतःच उचलतात.

रेकॉर्डिंग करावं का, असं लोक मला नेहमी विचारतात. विचारून करा, चोरून नको. आणि पूर्ण बारा तास नको. अमेरिकेत २००३ पासून 'स्टोरीकोर' नावाचा उपक्रम सामान्य माणसांच्या अशा गप्पा ध्वनिमुद्रित करतो, त्यांची बैठक चाळीस मिनिटांची असते. माझाही अनुभव तसाच आहे, चाळीस-पन्नास मिनिटांनंतर माणूस थकतो किंवा सावध होतो. मी तर थांबल्यावर दोन ओळी कागदावर लिहून घेते, तेवढ्यात भागतं.

आता तुमचा खरा प्रश्न. 'आमच्याकडे राहायला या.' गाडी तुम्ही चालवताय ना? मग नको. मी हे केलंय. प्रवासाच्या चौथ्या तासाला, रस्ता मोकळा बघून, मी घर विकण्याचा विषय काढला. बाबा म्हणाले, 'बघू.' मी पुढे रेटलं. ते गप्प झाले ते पुढचे साडेतीन तास. घरात ते उठून दुसऱ्या खोलीत गेले असते, गाडीतून कुठे जाणार? त्यांना मी कोंडीत पकडलं होतं आणि ते त्यांना बरोबर कळलं होतं. त्यात माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते, आणि मी तेव्हा पुढचं वाक्य मनात जुळवत होते. यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये सिम्युलेटरवर दाखवलं होतं, की शेजारी बसलेला माणूस रहदारी बघून बोलणं आवरतं घेतो, फोनवरचा माणूस घेत नाही, म्हणून शेजाऱ्याशी गप्पा फोनपेक्षा कमी धोक्याच्या. पण ते साध्या गप्पांचं. दुखावलेला माणूस रहदारी बघत नाही, आणि दुखावणाराही. (भावाला स्पीकरवर घेऊन 'तू पण सांग ना यांना' हा प्रकार तर चुकूनही करू नका.)

तुमच्या बायकोला किंवा भावाला तास-दोन तास गाडी चालवायला देता आली तर तुम्ही मागे आईजवळ बसा आणि एवढंच विचारा, की जिने चढायला कसं वाटतंय, रात्री जाग आली तर कोणाला हाक मारता. निर्णय मागू नका. त्यांना काय अवघड जातंय एवढं कळलं तरी प्रवास वसूल. माझ्या बाबांनी घराचा विषय पुढे आठ महिन्यांनी स्वतःच काढला, परतीच्या रस्त्यावर, गाडी एका थांब्यावर उभी असताना. एक पाय बाहेर, एक आत, दार उघडं. 'ते घराचं तू मागे म्हणत होतीस ना,' असं म्हणून ते थांबले. मी किल्ली काढून हातात घेतली आणि गाडी सुरू केली नाही. आम्ही तिथून निघालो तेव्हा अंधार पडला होता.