उष्टावणाच्या आधी

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलायला बसले तर अर्धं विसरेन, म्हणून लिहूनच पाठवते. तुझी अडचण अशी की मोबाइलवरच्या बायका सांगतात, बाळाला चमचा दाखवूच नका, सगळं त्याच्या हातात द्या. आणि तुझ्या सासूबाई म्हणतात, सहा महिन्यांच्या लेकराच्या हातात भोपळ्याची फोड देणारी आई आम्ही सोलापूरच्या बाळीवेशीत अजून पाहिली नाही. आता ऐकायचं कुणाचं?

दोघींचं अर्धं अर्धं ऐक. ती भोपळ्याची फोड दे आणि सासूबाईंना चमच्याने भरवूही दे. हे दोन पक्ष नाहीत, पण मोबाइलने ते करून ठेवलेत. पोरीला कोण भरवतं यापेक्षा ती काय खाते याची मला जास्त काळजी आहे, त्यावर पुढे लिहितेच.

बाळानं आपल्या हातानं खायची ही पद्धत गिल रॅपली या इंग्लंडमधल्या आरोग्यसेविकेमुळे जगभर पोचली. तिचं म्हणणं सरळ होतं. तिकडे पूर्वी तीन-चार महिन्यांतच वरचं अन्न सुरू करायचे, तेव्हा पातळ करून भरवण्यावाचून इलाज नव्हता. सहा महिन्यांचं बाळ मात्र आधाराने बसतं, वस्तू धरतं, तोंडात घालतं. मग त्याला वाटून कशाला द्यायचं? मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडेही आजोबांच्या मांडीवर बसून ताटातली भाकरी ओढणारं पोर काही नवीन नाही. फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

उष्टावणाचा मुहूर्त सासऱ्यांना काढू दे, त्यात तू पडू नकोस. पण त्याच्या आसपास तीन गोष्टी बघ. मान नीट सावरते का, टेकवून बसवली तर बसून राहते का, आणि ओठांवर काही टेकवलं की जिभेनं बाहेर ढकलायचं थांबलंय का. तुमच्या ताटाकडे टक लावून हात पुढे करत असेल तर आणखीच चांगलं. मुहूर्ताच्या दिवशी खिरीचं बोट लावायला हरकत नाही. रोजच्या जेवणात मात्र पहिलं वर्ष साखर, गूळ, मीठ नको. मध तर चाटवायचाही नाही, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. सोन्याच्या अंगठीनं चाटवला म्हणून तो सुरक्षित होत नाही. यावर घरात वाद झाला तर माझं नाव सांग.

आता डाळीचं पाणी. या एका गोष्टीवर मी नोकरीभर भांडले. वरणावरची निवळ वाटीत काढायची, त्यात मऊ भाताची चार शितं कालवायची आणि म्हणायचं, पोर वाटीभर जेवलं. जेवलं कुठे? पाणी प्यालं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण दोनशे मिली मावतं. तेवढी जागा पाण्यानं भरली तर अन्न कुठे जाणार? घट्ट वरण दे. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतकं घट्ट. त्यावर अर्धा चमचा तूप किंवा तेल घाल. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे, आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या कपापर्यंत गेलं तरी छान. दिवसातून दोन-तीन वेळा. बाकीची भूक अंगावरच्या दुधाची, ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू दे.

मिक्सर माळ्यावर ठेवायला सांगणार नाही, पण त्याची सवय लावू नकोस. बोटांनी कुस्करलेलं, थोडं गुठळ्यांचं अन्न पहिल्या काही आठवड्यांतच सुरू कर. नऊ-दहा महिन्यांपर्यंत ज्यांच्या तोंडात गुठळी गेलीच नाही, ती मुलं पुढे खाण्यात फार त्रास देतात. दीड वर्षाचं मूल भाताचं शीत लागलं की ओकतं, अशा तक्रारी घेऊन आया यायच्या, आणि घरी मिक्सर अजून दोन्ही वेळेला फिरत असायचा.

हातात काय द्यायचं? तुझ्या बोटाएवढा लांब तुकडा, म्हणजे मुठीतून वर डोकावेल. या वयात ती मुठीनं धरते, चिमटीत पकडणं नवव्या महिन्याच्या सुमारास येतं. अंगठा आणि बोटात दाबला तर तो सहज चुरडला पाहिजे, ही एकच परीक्षा घे. लाल भोपळा, रताळं, गाजर हे वाफवून. पिकलेलं केळं अर्धी साल ठेवून, म्हणजे हातातून निसटत नाही. मुगाच्या किंवा ज्वारीच्या धिरड्याची पट्टी तर उत्तमच. भाकरी द्यायची तर ताजी, वरणात चांगली भिजवून कुस्करलेली. कोरडा तुकडा टाळ्याला चिकटून बसतो. कडक भाकरी बघून तिला हाव सुटेल, पण ती आपली, तिची नाही. दहाव्या महिन्यानंतर चकोल्या बारीक तोडून दे, पोरं खूश असतात.

पहिले पंधरा-वीस दिवस ती खाणार नाही, खेळणार. भोपळा केसांत जाईल, धिरडं सतरंजीवर. हे वाया जात नाही. तोंड शोधायला हात असाच शिकतो. आणि टॉवेलच्या गावात राहून पुसायची कसली चिंता गं? एक जुना टॉवेल गळ्यात, एक खाली. उंच खुर्ची विकत आणू नकोस. तुझ्या मांडीत, पाठ तुझ्या पोटाला टेकवून, ताठ बसली की झालं. रेलून किंवा आडवं ठेवून मात्र काहीही द्यायचं नाही, चमच्यानेही नाही.

सासूबाईंची खरी भीती घशात अडकण्याची आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नकोस. न्यूझीलंडमध्ये याचा नीट अभ्यास झाला, तो २०१६ साली छापून आला. हातानं खाणाऱ्या आणि चमच्यानं भरवलेल्या बाळांमध्ये घशात अडकण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. पण हातानं खाणाऱ्या गटातल्या आईबापांना काय द्यायचं, काय नाही, हे आधी शिकवलं होतं. आणि तरीही दोन्ही गटांतल्या कितीतरी घरांत धोक्याचे पदार्थ बाळापुढे आलेच. म्हणजे हात की चमचा यावर ते ठरत नाही, पदार्थावर ठरतं.

उबळ आणि अडकणं यातला फरक घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेव. उबळ येते तेव्हा बाळ आवाज करतं, खोकतं, लाल होतं, डोळ्यांत पाणी येतं, तुकडा जिभेवर पुढे येतो. या वयात उबळीची जागा जिभेवर बरीच पुढे असते, त्यामुळे ती वारंवार येणारच. तेव्हा शांत बस, तोंडात बोट घालू नकोस, नाहीतर पुढे आलेला तुकडा तूच मागे ढकलशील. खरं अडकतं तेव्हा आवाजच बंद होतो. खोकला नाही, रडणं नाही, ओठ निळे पडायला लागतात. तेव्हा टाळूवर फुंकर घालत बसायची वेळ नसते. बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीच्या खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळानं जोरात ५ थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. दुसऱ्या कुणीतरी रुग्णवाहिकेचा १०८ लावायचा. हे वाचून येत नाही. लस द्यायला जाशील तेव्हा तिथल्या सिस्टरना बाहुलीवर करून दाखवायला सांग. सासूबाईंनाही सोबत ने.

आणि आपल्याकडे धोका बहुतेक वेळा जेवणात नसून लाडात असतो. शेंगदाणा, फुटाणे, चुरमुरे, पंढरपूरहून आलेल्या प्रसादातले साखरफुटाणे आणि बेदाणे, अख्खं द्राक्ष, कच्चं गाजर. पाडव्याची गाठी बाळाच्या गळ्यात घालून चोखायला देतात, तीही यातलीच. पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण कराल, जरूर करा, फोटो काढा. पण बोरं, चुरमुरे, हलवा डोक्यावरून ओतल्यावर त्यातलं काही तिच्या मुठीत राहत नाही ना, हे बघायला एका माणसाला त्याच कामावर बसव. अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत नकोच.

दाणा नको म्हणाले, पण शेंगदाणा हवा. लंडनमधला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला. ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी फार कमी मुलांत दिसली. सोलापुरात शेंगा विकत आणायला कुणाला सांगावं लागत नाही. चांगले भाजून, काळपट आणि सुरकुतलेले दाणे निवडून टाकून, अगदी मऊ कूट कर आणि पाव चमचा वरणात किंवा दह्यात कालवून दे. पहिल्यांदा सकाळी दे, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. तिच्या अंगावर खूप इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचार. आजोबांच्या ताटातली शेंगाचटणी मात्र तिखटमिठाची, ती तिला अजून लांब आहे.

आता लोहाबद्दल. इथे मला तुझं लक्ष हवं आहे. पोटात असताना बाळ लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणजे नेमकं वरचं अन्न सुरू होतं तेव्हाच साठा संपत आलेला असतो, आणि आपण काय देतो? निवळ आणि पेज. तुमच्या घरात अंडं-मांस येत नाही, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण मग हे काम डाळी-कडधान्यांकडून करून घ्यावं लागेल. मसूर, मूग, मोड आलेली मटकी शिजवून कुस्करलेली, हुलग्याचं माडगं, बारीक चिरून वरणात शिजवलेली पालेभाजी. मोड आणल्याने, आंबवल्याने लोह अंगी लागायला मदत होते, म्हणून ज्वारीची आंबीलही चालेल, मीठ न घालता. आणि वरणावर लिंबाचे दोन थेंब पिळायचे, किंवा टोमॅटो शिजवून घालायचा. क जीवनसत्त्वाशिवाय वनस्पतींमधलं लोह नीट शोषलं जात नाही.

डाळिंबानं रक्त वाढतं, हे तुला दहा जण सांगतील. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, जिल्हाभर बागा आहेत, आपला अभिमान रास्त आहे. पण डाळिंबात लोह अगदी कमी. रंग लाल म्हणून रक्त होत नाही, बिटाचंही तसंच. दाणे घशात अडकतात आणि रस वर्षाच्या आत नकोच.

याशिवाय सहाव्या महिन्यापासून सरकारी लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप आशाताई किंवा अंगणवाडीतून फुकट मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. घे आणि दे. शी काळी होईल, घाबरू नकोस. बाळ कमी वजनाचं किंवा दिवसांआधी जन्मलेलं असतं, तर हिशेब वेगळा झाला असता, तुझं तसं नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब वर्षभर थांबवायचे नाहीत.

चहात बुडवलेलं बिस्किट आजोबांनी देणं बंद कर. गोड बोलून कर, पण कर. चहा लोह अडवतो आणि बिस्किटात साखर-मैद्याशिवाय काही नाही. त्यांना बाळाला भरवायचंच असतं ना? मग त्यांच्या हातात केळं दे. वरचं दूध पिण्यासाठी वर्षानंतर. दही, ताक जेवणात थोडं चालतं.

उन्हाळ्याचे दिवस आहेत, सोलापूरचा मे तुला ठाऊक आहे. सकाळचं वरण दुपारी तिला नको, दोन तासांच्या वर बाहेर राहिलेलं तुम्ही संपवा. पाणी उकळून गार केलेलं, जेवताना कपातून घोट घोट. नळाला रोज पाणी येत नाही आणि पिंप भरून ठेवावं लागतं, म्हणून तर उकळायचंच. बाटली नको. तिचे हात आणि तुझे हात साबणाने, प्रत्येक वेळी.

तिने तोंड फिरवलं की थांब. टीव्ही लावून, मागे फिरून, नाक दाबून एकही घास जाऊ देऊ नकोस. काय शिजवायचं, कधी वाढायचं हे तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिला ठरवू दे. एक दिवस दोन घास, दुसऱ्या दिवशी वाटी चाटून. वजन महिन्याच्या महिन्याला कार्डावर चढतंय ना, तेवढं बघ. रेघ सलग दोन महिने आडवी झाली तर मात्र मला नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. तोपर्यंत ती काय काय खायला लागली ते लिहून पाठव. आणि सासूबाई माडग्यासाठी हुलगे आधी भाजतात की तसेच दळतात, तेही विचारून कळव.

तुझी,
मावशी