आठ हजारांची होडी घ्यावी का?

प्रश्न: काका, नमस्कार. आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो. मुलं ७ आणि १० वर्षांची. आम्ही दोघांनी शिडाच्या होडीचा प्राथमिक कोर्स केलाय आणि आता शनिवार-रविवार चेसापीक बेमध्ये मुक्कामी फिरायचं मनात आहे. सगळं मिळून १५ हजार डॉलर बाजूला काढलेत. कॅटलिना ३० जातीच्या दोन होड्या पाहिल्या. एक १९८४ ची, डिझेल इंजिन, उंच डोलकाठी, ८ हजार सांगतायत. दुसरी १९७८ ची, पेट्रोलचं अ‍ॅटॉमिक फोर, साडेचार हजार. एवढं जुनं फायबरग्लास घेणं शहाणपणाचं आहे का? उन्हाळ्यात आई पुण्याहून येते, तिलाही न्यायचंय.
— एक वाचक, मेरीलँड

उत्तर: फायबरग्लासच्या वयाचा घोर सोडा. १९५९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडलेल्या पिअरसन ट्रायटनच्या सुरुवातीच्या होड्या अजून शिडं लावून फिरतायत. त्या काळी कारखानदार हात राखून थर देत नसत. जुन्या होडीत कुजतं ते फायबरग्लासमध्ये दडवलेलं लाकूड.

साडेचार हजारवाली मनातून काढून टाका. अ‍ॅटॉमिक फोर गुणी यंत्र आहे, प्रश्न पेट्रोलचा आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते. म्हणून सुरू करण्याआधी दर वेळी निदान चार मिनिटं पंखा चालवायचा. मुलं, डबे, आईची पिशवी अशी लगबग चाललेली असताना ही चार मिनिटं कोण पाळणार?

आता १९८४ ची. केबिनमध्ये उतरलात की आधी संडासाचं दार लावून बघा. थट्टा नाही. डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार खाली एका खांबावर येतो. त्या खांबाच्या बुडाशी, तळातल्या पाण्यात, लाकडाचा ठोकळा असतो. तो कुजला की खांब खचतो, डेक किंचित बसतं आणि दार चौकटीला घासू लागतं. दार नुकतंच रंधलेलं दिसलं तर मालकाला कारण विचाराच. मग डोलकाठीच्या तारा जिथे डेकमधून आत येतात, तिथल्या लाकडी भिंतीवर काळे ओघळ आहेत का ते पाहा. डेकवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत पाणी मुरलंय.

होडी क्रेननं वर काढल्याशिवाय सौदा करू नका. शिसाची कील (होडीच्या तळाखालचा जड पंख) आणि होडीचा सांधा समोरच्या बाजूनं फाकलेला दिसला, तर त्याला इथली मंडळी ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. त्या काळातल्या कॅटलिनांच्या सांध्याच्या वर प्लायवुड भरलेलं असे. ते भिजून दबलं की बोल्ट ढिले पडतात. केसाएवढी रेघ असेल तर बोल्ट आवळून भागतं. रेघेतून पाणी ठिबकत असेल तर दुरुस्तीचा खर्च होडीच्या किमतीशी स्पर्धा करेल. इंजिन आणि पॅनेलमधल्या वायरिंगचे प्लास्टिकचे प्लगही बदललेत का विचारा; ते तापून वितळल्याची उदाहरणं आहेत. पाण्याखालच्या भोकांना नळासारखे फिरवायचे व्हॉल्व्ह असतील तर ते काढून नीट सीकॉक, म्हणजे दांडा वळवून बंद होणारे व्हॉल्व्ह, बसवा.

हे सगळं तुम्ही पाहिलंत तरी सर्व्हेअर, म्हणजे होडी तपासून अहवाल देणारा जाणकार, नेमाच, आणि तो तुमचा नेमा, दलालानं सुचवलेला नको. ३० फुटांना साधारण सहा-सातशे डॉलर लागतील, क्रेनचे वेगळे. विमा कंपनी बहुधा तोच अहवाल मागते. डोलकाठीच्या तारा किती वर्षांच्या आहेत याचा पुरावा मागा. दहा-पंधरा वर्षांहून जुन्या असतील तर चार-पाच हजार तिथेच गेले समजा. राज्याचा ५ टक्के कर आणि मरीनाचं, म्हणजे होडी उभी करायच्या धक्क्याचं, भाडं वेगळंच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच व्यवहार, फक्त मसाला आधी मोजून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: कील किती खोल? नेहमीची कील ५ फूट ३ इंच पाण्यात जाते. चेसापीक बेची सरासरी खोली जेमतेम २१ फूट, आणि मुक्कामाला सुंदर असे ओहळ त्याहून उथळ. तळ बहुतेक चिखलाचा, त्यामुळे टेकलात तर होडीपेक्षा अब्रूच जास्त जाते. तरी उथळ कीलची मिळाली तर मी हजारभर जास्त देईन. उंच डोलकाठी मात्र इथे फायद्याची. जुलैत वारा पडलेला असतो.

आईंसाठी ही होडी मला पसंत आहे. रुंदी १० फूट १० इंच, आत ताठ उभं राहता येतं. शिडी उभी आहे, तिला दोन्ही बाजूंना हाताला धरायला दांडे बसवून घ्या. त्यांना जूनमध्येच न्या. नंतर पाण्यात जेलीफिश येतात, मुलं पोहायला उतरत नाहीत आणि दुपारी गडगडाटी वादळं उठतात. पहिला मुक्काम अ‍ॅनापोलिसच्या दक्षिणेला, ऱ्होड नदीत करा; बेपलीकडचं सेंट मायकल्स गाव पुढच्या वेळी. आणि १ जुलै १९७२ चा किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर मेरीलँडचं बोटिंग सर्टिफिकेट होडी चालवणाऱ्याकडे हवंच.

अहवाल हाती आला की साडेपाच म्हणा आणि गप्प बसा. नाही म्हणाला तर ऑक्टोबर येऊ द्या. हिवाळ्याच्या साठवणुकीचं बिल दिसलं की विक्रेते फोन करतात.