आई काहीच टाकू देत नाहीत, हा आजार आहे का?

पितृपक्ष संपत आला की घटस्थापनेआधीच्या साफसफाईबरोबर मनोविकारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो आणि तो दिवाळीपर्यंत येत राहतो. घरातले वडीलधारे माणूस जुन्या वस्तू टाकू देत नाही, टाकल्या तर रडते किंवा भांडते, मग याला साठवणीचा विकार म्हणायचे का? विचारणारी बहुतेक वेळा सून असते, कारण जळमटे काढण्यापासून माळा रिकामा करण्यापर्यंतचे काम तिच्याच वाट्याला आलेले असते. मोबाइलवर या विकाराचे व्हिडिओ पाहून तिने निदानही बरेचसे ठरवलेले असते.

डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहणारे एक कुटुंब याच प्रश्नासाठी आले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहितो आहे. घरात सत्तरीच्या सासूबाई, मुलगा, सून आणि दहावीतली नात अशी चार माणसे. गणपतीनंतर सासूबाई सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेल्या असताना मुलाने माळ्यावरची पोती परस्पर भंगारवाल्याला देऊन टाकली. परत आल्यावर त्या धड जेवेनात. त्यानंतर त्यांनी आपल्या कपाटाला कुलूप घातले, किल्ली कमरेला लावली, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलेले श्रीखंडाचे रिकामे डबे, सुतळीचे तुकडे, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या पुन्हा बाहेर काढून ठेवायला सुरुवात केली. "हे वाढतच चालले आहे, औषध सुरू करावे का?" असे सुनेने विचारले.

साठवणीचा विकार हा खरोखरच एक मानसिक विकार आहे. पूर्वी तो मंत्रचळाचाच, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती टाळता न येण्याच्या विकाराचाच (ओसीडी), एक प्रकार समजला जाई, परंतु अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणातही तो वेगळा नोंदवलेला आहे. मात्र निदान करताना वस्तू किती आहेत हे मोजत नाहीत. वस्तूची किंमत काहीही असो, ती सोडणे सातत्याने जड जाते का, सोडण्याच्या कल्पनेनेच जीव कासावीस होतो का, आणि राहत्या जागेचा मूळ उपयोगच बंद पडला आहे का, हे पाहावे लागते. ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही, दार पूर्ण उघडत नाही, अशी अवस्था आली असेल तर गोष्ट गंभीर असते. आपल्याकडच्या घरांत एक मेख मात्र लक्षात ठेवावी लागते. घर आवरलेले दिसते ते केवळ सून रोज मागे फिरून आवरते म्हणून, असे असेल तर त्या नीटनेटकेपणाला निदानात किंमत नसते. शिवाय या विकाराची लक्षणे बहुधा किशोरवयातच डोकावतात आणि वयाबरोबर वाढत जातात.

या घरात तसे काही आढळले नाही. आजींच्या परवानगीने नातीने काढलेले फोटो मी पाहिले, तेव्हा ओटा मोकळा होता, पलंग मोकळा होता, गच्च भरलेला होता तो माळा, आजींचे कपाट आणि बाल्कनीचा एक कोपरा. मुलाकडे कारण तयार होते. आईने बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे, म्हणून तिला काही टाकवत नाही. हे स्पष्टीकरण मी फार वेळा ऐकतो आणि ते ऐकायला बरेही वाटते, पण गरिबीत वाढलेल्यांना हा विकार जास्त होतो असे काही संशोधनातून ठामपणे पुढे आलेले नाही. आजींनी तर ते एका वाक्यात उडवून लावले. "दुष्काळात घरात होतंच काय साठवायला? मिलो खाल्ली आन् खडी फोडली." मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि खडी दुष्काळी कामावरची.

मग त्यांच्याशी एकटीशी बोललो. पोत्यांत काय होते, हे तोवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते. जुन्या लग्नपत्रिका, विजेची बिले, फाटकी पांघरुणे यांची नावे घेताना त्यांचा आवाज जराही हलला नाही, आणि ते गेले ते बरेच झाले असेही त्या म्हणाल्या. पण एका पोत्याच्या तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेली, त्यांच्या यजमानांची तिकिटांची पत्र्याची पेटी होती. यजमान एसटीत वाहक होते. पेटीबरोबर तिकिटाला भोक पाडायचा चिमटा होता, आणि दांड्याला अंगठा लागून लागून तेवढीच जागा गुळगुळीत झाली होती, हे त्यांनी मला स्वतःच्या अंगठ्याने दाखवले. ती पेटी लोखंडाच्या भावात किलोवर गेली. मुलाला ती तिथे आहे हे माहीतच नव्हते. त्याने पोती उघडून पाहिली नव्हती, कारण उघडली की आवराआवर लांबते, हा त्याचा हिशेब होता.

कुलूप, किल्ली, डब्यातून वस्तू परत काढणे, हे सगळे त्या दिवसानंतरचे होते. आपल्या माघारी काय जाईल याचा भरवसा न राहिल्यामुळे त्या प्रत्येक वस्तूवर पहारा देत होत्या, अगदी त्यांना नको असलेल्या वस्तूंवरसुद्धा. औषधाने यात काही साधले नसते. मी मुलाला सांगितले की पेटी परत मिळणार नाही, तिची भरपाई होणार नाही, आणि "चांगल्यासाठीच केले" हे वाक्य न जोडता आईची माफी मागावी लागेल. त्याला ते सोपे गेले नाही, पण त्याने ती मागितली.

सुनेची अडचण मात्र खरी होती आणि ती बाजूला सारून चालणार नव्हते. नातीला अभ्यासाच्या टेबलासाठी जागा हवी होती, आणि माळ्यावरच्या धुळीने सुनेला दर वर्षी दम लागत होता. तेव्हा असे ठरले की आजींचे कपाट सर्वस्वी आजींचे, त्याला कोणी हात लावायचा नाही. बाल्कनी सगळ्यांची, म्हणून तिथे काय राहावे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. आणि मुदत संपलेली औषधे व कीड लागलेले धान्य यांवर चर्चाच नाही. माळ्यावरची वस्तू खाली आली की ती आधी आजींच्या हातात द्यायची, आणि "हे लागते का?" असे विचारायचे नाही. जुन्या वस्तूच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर नेहमी "लागेल कधीतरी" असेच येते. त्याऐवजी "हे कोणाला द्यायचे?" असे विचारायचे. बसायचे ते दुपारी, तासाभरापुरते, आणि भावना गुंतलेल्या वस्तू अगदी शेवटी घ्यायच्या, कारण निर्णय घेऊन घेऊन माणूस थकते आणि थकलेले माणूस सगळेच ठेवून देते किंवा सगळेच फेकते.

वर्षानुवर्षे ओटीत आलेले ब्लाउजपीस आजींनी गोधडी शिवणाऱ्या बाईंना आपण होऊन दिले. जुन्या जरीच्या साड्या बोहारणीला देताना त्यांनी दारातच बराच वेळ घासाघीस करून स्टीलचे मोठे पातेले मिळवले, आणि सुनेने मला हे सांगितले तेव्हा तिच्या बोलण्यात कौतुक होते. टेबलाला जागा झाली. माळा निम्मा अजून भरलेला आहे, श्रीखंडाचे डबे अजून जमतात, आणि सुनेला त्यांचा अजून वैताग येतो. कपाटाचे कुलूप दिवाळीनंतर केव्हातरी निघाले.

असाच प्रश्न असलेल्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. आयुष्यभर नीटनेटके राहिलेले माणूस उतारवयात अचानक कचरा साठवू लागले, नावे किंवा नेहमीचे रस्ते विसरू लागले, तर ते विस्मरणाच्या आजाराचे किंवा नैराश्याचे लक्षण असू शकते, आणि तेव्हा दिवाळी होऊ द्या, मग पाहू, असे न म्हणता मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. वर सांगितल्याप्रमाणे घराचा वापरच बंद पडला असेल तरीही दाखवावे. या विकारावर मुख्य उपचार बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे विचार आणि सवयी बोलून व सरावाने हळूहळू बदलण्याचा (सीबीटी), असतो, तो महिनोन्‌महिने चालतो, आणि एका रात्रीत घर रिकामे केल्याने पसारा बहुधा पुन्हा भरतो. कोठे जावे हे समजत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. फक्त बीपी तपासायला चाललो आहोत असे सांगून आईवडिलांना आमच्याकडे आणू नये. अशा भेटीत ते आमच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि पुढच्या वेळी खरोखरच बीपी तपासायला न्यायचे असते तेव्हा घरातून निघत नाहीत.